डाव्या मडगार्डचा पोचा

सन १९४६, आश्विन शुद्ध अष्टमी. सकाळी सातालाच मी घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी अंगणात काढली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा. चिंच, मीठ, राख आणि काथ्या घेऊन बसायचं आणि दुपारच्या आत उठायचं, असा माझा दरवर्षीचा शिरस्ता. कामात रेंगाळलेलं मला आवडत नाही. घंगाळ, कळशी, तपेली, तांबे, ताम्हन, समई सगळं ओळीने लागलं होतं, आणि त्या ओळीच्या शेवटी दीड फूट लांबीची एक लॉरी उभी होती.

लॉरी माझ्या यजमानांनी केलेली. ते नगरच्या छावणीत लष्करी मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात, म्हणजे डेपोत, फिटर होते. आम्ही भिंगारला दोन खोल्यांत राहत होतो आणि मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. दिवसभर खऱ्या गाड्यांखाली उताणं पडून माणूस घरी यायचा, हात धुवायचा, चहा घ्यायचा आणि खिडकीशी पाट टाकून खोट्या गाड्या करत बसायचा. विडी नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही. एवढा एकच छंद. ‘खोट्या’ हा शब्द माझा. ते म्हणत, “खोटी काय आहे तिच्यात? लहान आहे, एवढंच.”

माप ठरलेलं होतं, फुटाला एक इंच. गाडी अठरा फूट असेल तर यांची अठरा इंच, त्यात सुताचा फरक चालायचा नाही. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरून अंग, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे दांडे, जुन्या चपलेच्या रबराची चाकं, आणि सगळे सांधे कथलाने झाळलेले. दारं उघडायची, मिटायची. बॉनेट उचललं की आत इंजिन, आणि त्या इंजिनाच्या पंख्याला पट्टा. तो माझ्या शिवणयंत्राच्या जुन्या पट्ट्यातून चिरून काढलेला होता, मला न विचारता. त्या वर्षी फळीवर चार नग होते. रस्ता दाबायचा वाफेचा रूळ, पाण्याची टाकी वाहणारी गाडी, मोडक्या गाड्या उचलायची यारी आणि ही लॉरी. यारीचा दांडा खरोखर वरखाली व्हायचा. तिच्या आकड्याला माझा अडकित्ता लटकवून ते पाहुण्यांना उचलून दाखवत.

पाहुणे कौतुक करत आणि बाहेर पडल्यावर हसत. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हसायला सोय होती. शेजारची बाई एकदा नळावर म्हणाली, “तुमच्या घरात बाई, माणसं वाढायची ती लॉऱ्याच वाढतात.”

मी म्हटलं, “वाढू देत. तुमच्या चौघांना दोन वेळा भाकरी लागते. आमच्या चौघी फळीवर गप बसतात.”

बाहेर मी असं ठणकावत असे. घरात मात्र माझं बोलणं तिच्याहून फार वेगळं नव्हतं. “पत्र्याचे कपटे पायात शिरतात, आधी झाडा,” “कथलाच्या धुराने भिंत काळी झाली,” “कात्री माझी आहे, कापडाची आहे, पत्र्याची नाही.” बोलत होते ते खोटं नव्हतं. पण इतकी वर्षं बोलताना मी त्या गाड्यांकडे एकदाही नीट पाहिलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एकदाच त्यांनी माझ्याकडे काम दिलं होतं, याच लॉरीच्या टपाचं. जुन्या छत्रीचं कापड आणून दिलं आणि म्हणाले, “खऱ्या ताडपत्रीला पाव इंचाचा टाका असतो. त्याचे बारा भाग कर, तेवढा टाका घाल.”

“डोळे फुटतील.”

“मग राहू दे. मी डिंकाने चिकटवतो.”

डिंकाने चिकटवतो म्हटल्यावर मी सुई हातात घेतली. सगळ्यांत बारीक सुई, एकपदरी दोरा, खिडकीतल्या उजेडात दोन दिवस. टाका जमला. त्यांनी भिंग लावून पाहिला आणि टप लॉरीवर चढवला. ते दोन दिवस लॉरी माझ्या मांडीवर होती. मी फक्त टपाचं माप पाहिलं.

ही लॉरी उस्तादांसाठी होती, एवढं मला माहीत होतं.

उस्ताद म्हणजे यांना मोटारीचं काम शिकवणारे मिस्त्री. लढाईच्या आधी नगर ते पाथर्डी एक सर्व्हिस लॉरी चाले. ती उस्ताद चालवत आणि दुरुस्तही तेच करत. आमचं लग्न झालं तेव्हा हे त्यांच्या हाताखाली होते. लढाई लागल्यावर लॉरी सरकारने घेतली, ती कुठे गेली कोणाला कळलं नाही. हे छावणीत लागले, आणि उस्तादांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. पाच वर्षांत उजेड अंधार एक झाला. तरी हात शाबूत होते. नट हातात दिला की कुठला पाना लागेल ते सांगायचे. दरवर्षी खंडेनवमीला ते आमच्याकडे यायचे. हे हत्यारं धुऊन पाटावर मांडायचे, मी शेजारी कात्री, गज आणि शिवणयंत्र ठेवायची, आणि सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू झाला की उस्ताद पहिला पाना उचलून यांच्या हातात द्यायचे. मुसलमान माणूस आमच्या पूजेला कसा, असं तेव्हा आमच्या आळीत कोणी विचारत नसे. उस्ताद होते, म्हणून येत.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळच्या गाडीने त्यांची मुलगी त्यांना बेलापूर रोडला घेऊन जाणार होती. श्रीरामपूरला तेव्हा तेच नाव होतं. जावई तिथे साखर कारखान्यात होता. म्हणजे नगर सुटलं ते सुटलंच. म्हणून यांनी चौदा महिने खपून त्यांची ती पाथर्डीची लॉरी केली होती. उस्तादांना त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

“सांगायचं नाही,” हे मला म्हणाले होते, “हातात द्यायची, बस.”

आता माझी चूक सांगते.

अष्टमीच्या चार दिवस आधी मी जळमटं काढत होते. लांब काठीला केरसुणी बांधली होती. ती फळीला लागली आणि लॉरी खाली आली. नशिबाने खाली गोधड्यांची चळत होती. मी उचलून पाहिली. दारं ठीक, चाकं ठीक. पण पुढच्या डाव्या मडगार्डला, दिव्याच्या खाली, पोचा आला होता, आणि डावा दिवा मान टाकल्यासारखा खाली लोंबत होता. मी लॉरी होती तशी, डावी बाजू भिंतीकडे करून ठेवली आणि गप्प राहिले. चूक झाली की आधी दुरुस्त करायची आणि मग, गरज पडली तर, सांगायची, ही माझी पद्धत. शाळेत मुलीने कापड चुकीचं कातरलं तर मी तिलाही हेच सांगते.

अष्टमीला कल्हईवाला आळीत आला. तो श्रावणापासून फिरायचा, भाता आणि नवसागर घेऊन. कल्हई लावायचा, शिवाय भांड्यांचे पोचे काढून द्यायचा. मी त्याच्यापुढे तपेली ठेवली, दोन कळशा ठेवल्या, आणि शेवटी लॉरी.

तो हसला. “ह्ये काय हाय, बाई? पोराचं खेळनं?”

“मालकांचं आहे.”

“मालक लई हौशी हायेत.”

“तुम्हाला पोचा काढता येतो का, तेवढं सांगा. भट्टी जवळ आणायची नाही, सांधे कथलाचे आहेत.”

“येतो की. कळशीचा निघतो, ह्येचा का न्हाई निघायचा?”

लहान हातोडी आणि खालून लाकडाचा गुळगुळीत तुकडा लावून त्याने टकटक टकटक केलं. पोचा गेला. मडगार्ड अंड्याच्या कवचासारखं साफ झालं. दिवाही त्याने चिमट्याने सरळ करून तारेचा पीळ आवळून दिला. काम चांगलं केलं त्याने. मी तसं म्हटलंही.

मग मी लॉरी घासायला घेतली. तिच्या चाकांवर, पायरीवर, मडगार्डच्या आतून चिखल वाळून बसला होता आणि मागच्या पाट्यांच्या कडांना गंज आला होता. उस्तादांना द्यायची वस्तू, तीही पूजेत मांडून द्यायची, आणि अशी कळकट? मला यांचा रागच आला. चौदा महिने खपतात आणि शेवटचा हात फिरवायला आळस. चिंचेचा कोळ, राख, ओला काथ्या. रंगाला मी जपलं, बाकी एकही कण ठेवला नाही. चिखल विरघळून मोरीत गेला. गंज गेला. लॉरी उन्हात वाळायला ठेवली तेव्हा ती नुकती दुकानातून आणल्यासारखी दिसत होती, आणि मला खरोखर समाधान वाटलं.

संध्याकाळी हे घरी आले. पाटावर मी सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी लॉरी पाहिली आणि चपला न काढताच आत आले. उचलली. उजेडात धरली. डाव्या मडगार्डवर अंगठा ठेवला.

“हे कोणी केलं?”

“मी. घासली मी. पोचा कल्हईवाल्याने काढला. माझ्याच हातून पडली होती, चार दिवसांमागे, सांगणार होते.”

“पडली होती?”

“गोधड्यांवर. पण मडगार्डला पोचा आला होता ना.”

ते खाली बसले. “तो पडून आला नव्हता,” म्हणाले. “तो मी पाडला होता.”

मग त्यांनी सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण हा माणूस कधी ओरडलाच नाही.

पाथर्डीच्या वाटेवरचा करंजीचा घाट उतरताना एकदा लॉरीचा ब्रेक गेला होता. आत माणसं, टपावर गाठोडी, आणि हे उस्तादांच्या शेजारी. उस्तादांनी लॉरी डोंगराच्या अंगाला घातली, डावं मडगार्ड दरडीवर घासत घासत नेलं आणि वळणाच्या आधी थांबवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मडगार्डला मोठा पोचा आला आणि डावा दिवा लोंबला. तो पोचा उस्तादांनी कधी काढला नाही. दिवा तारेने बांधला तो तसाच. रोज सकाळी हँडल मारायच्या आधी ते त्या पोच्यात तळहात टेकवायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि मग गाडी सुरू करायचे. नऊ वर्षं.

“त्या बांधणीच्या लॉऱ्या शेकड्यांनी होत्या,” हे म्हणाले. “उस्ताद ओळखणार होते ते एवढ्या पोच्यावरून. खऱ्या गाडीवर तळहात बसायचा, इथे करंगळीचं टोक बसायला पाहिजे, असं माप काढलं होतं. सहा पत्रे वाया गेले, तेव्हा एक जमला.”

“आणि चिखल?”

“करंजीचा. पुडीत बांधून आणला होता. डिंकात कालवून लावला.”

मी म्हटलं, “मग परत पाडा पोचा. अजून उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. मी धरते हवं तर.”

त्यांनी मडगार्डच्या कडेवर नख मारून दाखवलं. पत्रा ठोकून ताणला गेला होता, पापडासारखा झाला होता. पुन्हा ठोकला तर तडकणार. नवं मडगार्ड घालायचं तर पुढचा सगळा भाग उसवायचा, आणि त्या एकट्या भागाला चार महिने लागले होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “जेवायला वाढ.”

मी वाढलं. नेहमीसारखे जेवले. भाजी कशी झाली तेही सांगितलं.

खंडेनवमीला दहा वाजता उस्ताद आले. मुलीने हात धरून आणलं होतं. डोक्याला नवा फेटा, अंगाला अत्तर. शेजारची बाई प्रसादाच्या निमित्ताने उंबऱ्यात येऊन टेकली. पूजा झाली. उस्तादांनी चाचपून पाना उचलला, यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “चल. धंद्याला बरकत.” मग मला हाक मारली, “सूनबाई, खोबरं जास्त दे, जावयाच्या घरी न्हाई मिळायचं.”

“मिळेल की अब्बा,” मुलगी म्हणाली, “तुमी आधी चला तर.”

हे उठले आणि लॉरी उस्तादांच्या मांडीवर ठेवली. “बघा, उस्ताद.”

उस्तादांचा चेहरा उजळला. त्यांचे हात मी तेव्हा पाहिले. जाड, काळे, नखं तुटलेली, पण सुईत दोरा ओवावा तसे ते चालत होते. आधी रेडिएटर. मग बॉनेट उचललं, आत बोट घालून पंखा फिरवला आणि हसले. दारं उघडून मिटली. पायरी. मागच्या पाट्या एक एक मोजल्या. टपावर हात गेला तिथे थांबले.

“टाका कोनाचा? सूनबाईचा?”

“हो, चाचा.”

“क्या बात है! असा टाका मोठ्या कारखान्यात बी न्हाई.”

मग हात पुढे आला, उजव्या मडगार्डवरून, बॉनेटच्या वरून, डाव्या मडगार्डवर. हे माझ्या शेजारी उभे होते. उस्तादांची बोटं मडगार्डवरून एकदा गेली, परत आली, दिव्यावर गेली. दिवा सरळ होता. बोटं तिथून उठली.

“लई झ्याक हाय,” उस्ताद म्हणाले. “नवी कोरी. डेपोतली काय रे?”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. एरवी माझी जीभ कोणाला ऐकत नाही. नळावर, शाळेत, बाजारात मी कोणाचं म्हणून ठेवून घेत नाही. पण उंबऱ्यात शेजारीण बसली होती, उस्तादांची मुलगी माझ्याकडे पाहून टाक्याचं कौतुक करत होती, आणि मी प्रसादाच्या ताटातलं खोबरं सारखं करत राहिले.

“व्हय, उस्ताद,” हे म्हणाले. “डेपोतलीच हाय.”

“आपली बी कर की कवातरी. करंजीवाली.”

“करतो की.”

“कर. अन् धाडून दे मला. लई दिवस झाले तिला हात लावून.” त्यांनी लॉरी दोन्ही हातांनी उचलून परत यांच्याकडे दिली, तान्हं मूल देतात तशी, डोक्याखाली हात ठेवून. मग उठले, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले.

ते गेल्यावर मी यांना विचारलं, “सांगितलं का नाहीत? माझ्यावर घालायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

ते हत्यारं पुसत होते. म्हणाले, “सांगून ओळखायची असती तर एवढं कशाला केलं असतं?”

त्यांनी पुढे कार्तिकात लॉरीचा पुढचा भाग उसवायला घेतला. काम अर्ध्यावर असताना पौषात बेलापूर रोडहून निरोप आला की उस्ताद गेले. यांनी उसवलेले तुकडे परत जसेच्या तसे झाळून टाकले आणि लॉरी फळीवर ठेवली. ती आजही तिथेच आहे, पोच्याशिवाय. नंतर त्यांनी आणखी गाड्या केल्या, एक मोठं रस्ता खणायचं यंत्रही केलं. मी त्यातली प्रत्येक हातात घेऊन, सगळ्या बाजूंनी पाहते आणि काही विचारायचं असेल तर आधी विचारते. ते उत्तर देतात. पण कौतुकाने काही दाखवायला त्यांनी माझ्याकडे पुन्हा आणलं नाही.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की उस्तादांची गाडी सकाळी आहे आणि मला गप्प बसून चालणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी हे कारखान्यात गेले. तातडीच्या गाड्या होत्या, सुट्टी नव्हती. मी त्याआधीच उठून दशम्या केल्या होत्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, चार दिवस टिकणाऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यात भरल्या. फळीवरच्या लॉरीकडे माझं लक्ष गेलं. न्यावी का, असं मनात आलंही. पण टांग्याचे हिसके, स्टेशनवर दसऱ्याची गर्दी, त्यात दीड फुटाची वस्तू कडेवर घेऊन कुठे फिरायचं? एखादा धक्का लागला तर आणखी काही मोडायचं. सांगायला तोंड पुरे होतं. मी डबा घेतला आणि निघाले. विचार अगदी शहाणपणाचा होता.

उस्ताद फलाटावर ट्रंकेवर बसले होते. मुलगी तिकिटांच्या खिडकीशी होती.

“कोन?”

“मी आहे, चाचा.”

“सूनबाई? त्यो न्हाई आला?”

“कामावर गेले. चाचा, मला एक सांगायचंय.” आणि मी सांगितलं. केरसुणी, गोधड्या, कल्हईवाला, चिंच, राख. रडले नाही, लांबण लावली नाही. कालची लॉरी डेपोतली नव्हती, तुमचीच होती, करंजीवाली. पोचा होता. तो मी काढला.

मुलगी तिकिटं घेऊन आली आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली.

“म्हंजी काल मांडीवर हुती ती आपली?”

“हो.”

“पोचा त्यानं पाडला हुता? मापात?”

“करंगळीचं टोक बसेल एवढा.”

त्यांनी गुडघ्यांवरचे दोन्ही हात उलटे केले, तळवे वर. तसेच पुढे धरले.

“आनलीस?”

सिग्नल पडला होता. हमाल सामान उचलायला लागले होते. भिंगारला जाऊन यायला तासभर तरी लागला असता.

“नाही,” मी म्हटलं.

तळवे थोडा वेळ तसेच राहिले. पुढे केलेले हात रिकामे ठेवायला मला जमलं नाही. मी त्यांवर दशम्यांचा डबा ठेवला. “वाटेत खायला आहे.”

त्यांनी डबा चाचपला. झाकण, कडी, बूड. बुडाजवळ बोट थांबलं.

“ह्येचा पोचा न्हाई काढलास?”

“जर्मनचा डबा आहे, चाचा. कल्हईवाला जर्मनला हात लावत नाही.”

“बरं केलं,” ते म्हणाले आणि बोट तिथेच ठेवून बसले. मग गाडी आली. मुलीने त्यांना चढवलं, ट्रंक आत ढकलली, मी वळकटी दिली. खिडकीतून त्यांनी एवढंच म्हटलं, “त्याला सांग, नटांना वंगण घाल म्हनावं पावसाळ्यात.” खरे नट म्हणाले की लहान, ते मी विचारलं नाही.

मी चालतच घरी आले. सकाळी धुतलेली भांडी अजून अंगणातल्या खाटेवर उपडी होती. ती पुसून एक एक फळीवर लावली, घंगाळ मोरीपाशी ठेवलं, आपट्याची पानं वाटीत काढली. सगळं जागच्या जागी गेलं. मग लॉरी खाली घेतली, पाटावर ठेवली, डोळे मिटले आणि डाव्या मडगार्डवरून करंगळी फिरवली, पुढून मागे, मागून पुढे. कल्हईवाल्याने काम चोख केलं होतं. बोटाला काही लागलं नाही.